११६ किलो आणि ४० सेंटिमीटरचा पट्टा

दिवाळीच्या पाडव्याला मुलानं आईला ट्रेडमिल आणून दिली. नवव्या दिवशी चालता चालता पट्टा जागच्या जागी थांबला. बाई पडल्या नाहीत, कारण पहिल्या दिवसापासून त्या दोन्ही दांडे गच्च धरूनच चालत होत्या. पण पुढे झोक गेला, डाव्या नडगीला यंत्राची कड लागली आणि दोन बोटं रुंद काळंनिळं झालं. त्यानंतर त्यांनी ट्रेडमिलला हात लावला नाही. नोव्हेंबरअखेर माझ्याकडे आल्या तेव्हा साडीचा काठ जरा वर करून त्यांनी आधी ती नडगी दाखवली. गुडघ्याचं नाव नंतर निघालं.

मी साताऱ्यात फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका आहेत, वय ५४. गल्लीत, शाळेत, आमच्या दवाखान्यातही सगळे त्यांना बाईच म्हणतात, म्हणून इथंही तेच. त्यांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असं बाकी सगळं गाळलं आहे.

या प्रकरणात माझाही एक धागा आहे, तो आधीच सांगून टाकते. सप्टेंबरात बाई पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा कागदावर मीच लिहून दिलं होतं, ‘रोज ३० मिनिटं चालणं’. दिवसाला वीस पेशंटांना लिहिते तसंच. कुठं चालणार, कशावर, मध्येच थांबावंसं वाटलं तर बसणार कशावर, यातलं काहीच विचारलं नव्हतं. मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं तो कागद फोटोत पाहिला, आईला दोन मजले उतरून रस्त्यावर चालायला जमणार नाही हे त्याला माहीत होतं, आणि त्यानं चालायचा रस्ताच घरी पाठवला. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

वजन नक्की किती?

आईचं वजन किती, असं मुलाला विचारलं तर तो म्हणाला, “अठ्ठ्याण्णव.” बाईंनाही विचारलं, त्याही अठ्ठ्याण्णवच म्हणाल्या. हा आकडा तीन वर्षांपूर्वी शाळेत झालेल्या तपासणी शिबिरातला. घरी काट्याचं जुनं वजनयंत्र होतं, पण त्यावर उभं राहिल्यावर पोटामुळे तबकडी दिसत नाही. दिसावी म्हणून वाकलं की काटा हलतो. मग कोण बघतंय.

आमच्या दवाखान्यातलं यंत्र २०० किलोपर्यंतचं आहे. त्यावर ११६.४ आलं. “काटा बरोबर आहे ना हो?” म्हणून बाईंनी पर्स ठेवली, चप्पल काढली, घड्याळसुद्धा काढलं आणि पुन्हा उभ्या राहिल्या. ११५.९. आम्ही ११६ धरलं. उंची १५४ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४९. आपल्याकडे २५ च्या वर लठ्ठपणा धरतात.

ट्रेडमिलवरच्या स्टिकरवर कमाल वजन ११० किलो लिहिलेलं होतं. अठ्ठ्याण्णव किलोच्या बाईला बारा किलोंची मोकळीक आहे असं समजून ती घेतली गेली होती. खरं तर पहिल्या दिवसापासून ती सहा किलो कमी पडत होती.

बाकीची स्थिती थोडक्यात. दोन्ही गुडघ्यांची झीज, उजवा जास्त. रक्तदाब आणि मधुमेह आठ वर्षांपासून. गोळ्यांमध्ये मेटोप्रोलॉल, अॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन. पायाच्या तळव्यांची संवेदना शाबूत. व्यायाम सुरू करायला त्यांच्या फिजिशियननं ईसीजी काढून हरकत नसल्याचं सांगितलं. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

दोन चाचण्या केल्या. पहिली खुर्चीची. ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवरून, हात छातीशी धरून, ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजायचं. हात टेकले तर गुण शून्य. बाईंचे शून्य. हात टेकून चार वेळा उठल्या. दुसरी सहा मिनिटं चालण्याची. तिला ३० मीटर सरळ जागा लागते, आमच्या दवाखान्यात ती नाही. रविवारी त्यांच्या शाळेच्या व्हरांड्यात गेलो, खडूच्या खुणा केल्या. बाई २१२ मीटर चालल्या, मध्ये एकदा सातवीच्या वर्गाबाहेर भिंतीला टेकून थांबल्या.

ट्रेडमिलची उत्तरीय तपासणी

त्याच रविवारी त्यांच्या घरी गेले. ट्रेडमिल हॉलमध्ये खिडकीखाली होती, वर चादर घातलेली. दुरुस्तीवाला येऊन गेला होता आणि वजन मर्यादेपेक्षा जास्त आहे म्हणून वॉरंटी लागू नाही असं लिहून गेला होता. कागदाच्या भाषेत त्याचं म्हणणं खोडता येण्यासारखं नव्हतं, स्टिकर समोरच होता. पण यंत्र नीट पाहिलं तर मर्यादा ओलांडणं हे एकच कारण नव्हतं.

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४ एचपी’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘पीक’. पीक म्हणजे क्षणभर देता येणारी ताकद. सतत किती मिळते ते सांगणारा आकडा वेगळा असतो आणि तो बहुतेक वेळा छापलेला नसतो. मात्र प्रत्येक यंत्राच्या पोटाखाली किंवा वायरपाशी एक छोटी पट्टी असते, तिच्यावर वॅट लिहिलेले असतात. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. चार एचपीचे झाले जवळजवळ तीन हजार. बाईंच्या ट्रेडमिलच्या पट्टीवर होते ११००. म्हणजे फार तर दीड एचपी. घरी यंत्र घेणाऱ्या कुणालाही मी आता सांगते, खोकं वाचू नका, पट्टी वाचा.

दुसरी गोष्ट मला स्वतःला समजायला वेळ लागला होता. बाई ताशी दीड-दोन किलोमीटरनं चालत होत्या. मुलगा म्हणाला, “मॅडम, इतकं हळू चालूनसुद्धा मोटर कशी गेली?” हळू चालल्यामुळेच. पट्टा खालच्या फळीवर घासत सरकतो. वरचं वजन जास्त तितकं घर्षण जास्त, आणि ते ओढून न्यायला मोटरला तितका जोर, म्हणजे तितका करंट लागतो. वेग कमी केला म्हणून जोर कमी लागत नाही. उलट मोटर हळू फिरते तेव्हा तिच्याच दांड्यावरचा पंखाही हळू फिरतो, त्यामुळे वारा कमी आणि ताप जास्त. जड माणूस सावकाश चालतो ही अशा छोट्या मोटरसाठी सगळ्यात वाईट वेळ. दौडणारा साठ किलोचा मुलगा तिला परवडतो.

त्यात पट्ट्याखाली सिलिकॉन तेल घातलेलं नव्हतं, बाटली पिशवीतच होती. आणि ट्रेडमिल हॉलमधल्या टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेली. जाड पिनांचा पॉवर प्लग घरात एकच, गिझरचा.

पण मोटर मोठी असती, तेल घातलेलं असतं, तरी ही ट्रेडमिल बाईंची नव्हती. ते कळलं पाण्यानं. त्यांना पाय ओले करून हॉलमधल्या शहाबादी फरशीवर नेहमीसारखं चालायला सांगितलं. ओले ठसे उमटले, त्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर टेपनं मोजलं. ३६ सेंटिमीटर. मांड्या जाड असल्या की पाय फाकवूनच पडतात, शिवाय चवडे बाहेर वळतात. ट्रेडमिलचा पट्टा ४० सेंटिमीटरचा होता. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर उरले. म्हणजे बोटभर. एवढ्या जागेत पाय नीट पडतोय का हे बघायला मान खाली जाते, मान खाली गेली की तोल पुढे जातो, म्हणून हात दांड्यावर आवळतात. बाई नऊ दिवस चालत नव्हत्या, कठडा धरून सांभाळत होत्या. “बांधावरून चालल्यासारखं वाटायचं,” असं त्या म्हणाल्या. त्यांचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, बांध म्हणजे काय ते त्यांना सांगायला नको.

दांड्यावरच्या नाडीच्या पट्टीनंही घोळ घातला होता. घामाघूम होऊन धाप लागलेली असताना पडद्यावर ७८ दिसायचे. बाईंना वाटायचं, अजून खूप बाकी आहे. मेटोप्रोलॉल हृदयाचे ठोके वाढू देत नाही, ते त्याचं कामच आहे. अशा माणसानं नाडीच्या आकड्यावर व्यायाम बेतू नये.

मी उठायला लागले तेव्हा त्यांच्या मिस्टरांनी हळूच विचारलं, “डॉक्टर, स्लॅबला काही होणार नाही ना?” ही शंका पुष्कळ घरांत असते आणि लाजेनं कुणी विचारत नाही. राहत्या खोल्यांसाठी आपल्याकडचं मानक, आयएस ८७५, चौरस मीटरला २ किलोन्यूटन भार धरायला सांगतं, म्हणजे साधारण २०० किलो. ट्रेडमिलनं सव्वा चौरस मीटर जागा अडवली होती, तेवढ्या जागेचे अडीचशे किलो होतात. यंत्र ६२ आणि बाई ११६, मिळून १७८. नीट बांधलेल्या इमारतीत स्लॅबची काळजी नको. खालच्यांच्या छतावर होणाऱ्या धबधब आवाजाची करा.

मर्यादेचा आकडा कुठून येतो

स्टिकरवर ‘एचसी’ अशी दोन अक्षरंही होती. ती युरोपच्या ईएन ९५७ या मानकातून आली, आता ते आयएसओ २०९५७ म्हणून चालतं. एच म्हणजे घरगुती वापर, एस म्हणजे व्यायामशाळेतला. ए, बी, सी ही मोजमापाच्या अचूकतेची प्रत, सी शेवटची.

वजनाची मर्यादा हा देवानं दिलेला आकडा नव्हे, कुणी कशी चाचणी घेतली त्यावर तो ठरतो. याचं एक उदाहरण मी नेहमी देते. कन्सेप्ट-टू कंपनीचं रोइंग मशीन, म्हणजे बसून वल्हं मारल्यासारखं ओढायचं यंत्र, जगभरच्या बोट क्लबांत असतं. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीनुसार त्याची मर्यादा २२७ किलो, युरोपच्या मानकानुसार १३५. यंत्र तेच, लोखंड तेच. ही कंपनी दोन्ही आकडे सांगते. पुष्कळ ठिकाणी एकच आकडा दिसतो आणि तो कुठल्या रीतीनं काढला ते लिहिलेलं नसतं. म्हणून माझा स्वतःचा एक अंदाजी नियम आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. आजच्या खऱ्या वजनावर पाव भाग चढवायचा, आणि त्याच्या खालची मर्यादा असलेलं यंत्र बघायचंच नाही. बाईंसाठी ११६ वर २९, म्हणजे १४५. दुकानाच्या भाषेत दीडशेवालं.

पण हा झाला उंबरठा. त्याच्या आत आल्यावर खरी निवड सुरू होते, आणि ती लोखंडावर ठरत नाही. यंत्रावर चढता येतं का, त्यावर अंग मावतं का, आणि नको वाटलं त्या क्षणी उतरता येतं का, यावर ठरते. बाईंची भीती तिसऱ्या प्रश्नाची होती.

एकेक यंत्र

मुलाचा पहिला विचार मोठ्या ट्रेडमिलचा. ५० सेंटिमीटर पट्टा, सतत ३ एचपी, दीडशे किलो मर्यादा. अशी असतात, पण त्याला आलेले भाव लाखाच्या आसपासचे, यंत्राचं वजन शंभराच्या वर, आणि दोन मजले. शिवाय मोटर कितीही मोठी असो, पायाखालची जमीन सरकण्याची भीती तशीच राहणार होती. ते बाद.

क्रॉस ट्रेनर, म्हणजे दोन पावलांच्या पट्ट्यांवर उभं राहून पाय फिरवायचं यंत्र, गुडघ्याला बरा असतो असं सगळे सांगतात, आणि धक्का बसत नाही हे खरंही आहे. दुकानात बाईंना त्यावर चढवलं. चढायलाच दोन माणसं लागली, कारण वरचं पाऊल गुडघ्याच्या उंचीला आणि खालचं पाऊल वजन पडताच निसटतं. चढल्यावर चाळीस सेकंद. थांबायचं ठरवलं तरी चाकाच्या वेगानं पावलं पुढे जातच राहतात. बाई “अगं बाई, अगं बाई” म्हणत होत्या आणि दुकानातला मुलगा पुढचं चाक हातानं धरून थांबवत होता.

उभी सायकल आणि हात हलवायच्या दांड्यांची एअर बाइक आपल्याकडे पुष्कळ खपते. तिची गादी कमंडलूएवढी आणि सगळा भार एका नळीवर. दुकानातल्या दोन्हींवर मर्यादा १२० होती, त्यामुळे त्या उंबरठ्याबाहेरच राहिल्या. पण मर्यादा जास्त असती तरी अडचण होती. पेडल वर येतं तेव्हा मांडी पोटाला लागते, मग गुडघा बाहेर फाकतो, आणि झिजलेल्या गुडघ्याला तो पीळ नकोच. साडीतून पाय पलीकडे टाकणं हा तर वेगळाच विषय. गाऊन घाला, सलवार घाला असं सांगणं सोपं आहे. बाई शाळेतून आल्या की साडीतच स्वयंपाकाला लागतात, व्यायामापुरते कपडे बदलणं ही त्यांच्या दिवसातली आणखी एक पायरी. जितक्या पायऱ्या कमी, तितकं यंत्र जास्त वापरलं जातं.

रोइंग मशीनबद्दल फार बोलायला नको. बैठक जमिनीपासून छत्तीस सेंटिमीटर. ४३ वरून हात टेकल्याशिवाय न उठणाऱ्या बाईला ३६ वर बसवून काय करणार.

उरली मागे टेकून चालवायची सायकल, दुकानदार जिला रिकम्बंट म्हणतात. खुर्चीसारखी रुंद बैठक, पाठीला टेकू, पेडल समोर. मध्ये दांडा नसतो, त्यामुळे खुर्चीवर बसतो तसं बसून पाय आत घ्यायचे. पाय थांबवले की झालं, कुठं पडायचं नाही की उतरायचं नाही. पोटाला मांडी लागत नाही, कारण बसल्यावर कंबरेचा कोन मोकळा राहतो. गुडघ्याचा हिशेबही तिच्या बाजूचा आहे. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यातच संवेदक बसवून मोजलेले आकडे आहेत. सपाट चालताना गुडघ्यातून शरीराच्या वजनाच्या अडीचपटीहून थोडा जास्त भार जातो, जिना उतरताना जवळजवळ साडेतीनपट, स्थिर सायकलवर साधारण सव्वापट. बाईंच्या बाबतीत चालताना तीनशे किलोंच्या पुढे आणि सायकलवर दीडशेच्या आत.

तिच्यातही खोट आहे, ती मुलाला सांगितली. बसून चालवायच्या सायकलवर तोल सुधारत नाही, हाडांवर भार पडत नाही, आणि उठण्या-बसण्याची ताकद आपोआप येत नाही. ते वेगळं करावं लागणार होतं.

आधी दोन हजारांचं पेडल

चाळीस हजारांच्या आसपासची वस्तू घेण्याआधी मी एक अट घातली. मेडिकलच्या दुकानात खुर्चीपुढे ठेवायचं नुसतं पेडल मिळतं, दोन हजारांच्या आत. ते आणा आणि दोन आठवडे रोज चालवून दाखवा. चाललं तर सायकल. नाही चाललं तर दोनच हजार गेले.

पहिल्याच दिवशी फोन. पेडल फरशीवरून पुढे पुढे पळतं आणि बाई खुर्चीसकट मागे सरकतात. तोडगा असा निघाला. खुर्ची भिंतीला टेकवली, पेडलाखाली रबरी पायपुसणं घातलं, आणि पेडलाची मागची दांडी सुतळीनं खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना बांधली. खुर्ची लाकडी, शाळेतल्यासारखी. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर जड माणसानं व्यायाम करू नये, तिचे पाय फाकतात आणि फाकायच्या आधी कळवत नाहीत.

नाडीच्या आकड्याऐवजी काय, हा प्रश्न बाईंनीच सोडवला. व्यायाम मध्यम असेल तर बोलता येतं पण गाता येत नाही, एवढं मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “गाणं मला नाहीच येत. पाढे म्हणते.” तेराचा पाढा घेतला. दर ओळीला श्वास घ्यावा लागला तर पाय हळू. पाढा सलग म्हणून वर मिस्टरांशी भाजीवरून वाद घालता आला तर पाय जोरात. हे मोजमाप मी आता इतर पेशंटांनाही देते.

दोन आठवड्यांत चौदापैकी बारा दिवस पेडल फिरलं, चार-चार मिनिटं, दिवसातून तीनदा. मुलगा शनिवारी आला, आम्ही दुकानात गेलो.

दुकानात काय पाहिलं

बाईंना नेहमीची साडी नेसून यायला सांगितलं होतं. तीन सायकली होत्या. पहिलीवर मर्यादा १३५, ती बघितली नाही. दुसरी दीडशेची, पण बैठक इतकी अरुंद की बाई तिच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतील. तिसरीवर त्या बसल्या आणि मी खाली फरशीवर बसले, दुकानदाराला जरा विचित्र वाटलं असणार.

या सायकलींचा कच्चा दुवा बैठकीखाली असतो. बैठक ज्या पट्टीवर पुढेमागे सरकते ती पट्टी आणि तिला अडकवणारी खिट्टी. बाईंना टेकूवर पाठ दाबून मागे रेलायला सांगितलं. पट्टी डोळ्यांना दिसेल इतकी लवली तर नको. लवली नाही, करकरली मात्र. नटबोल्ट आवळून पुन्हा बघितलं, आवाज गेला. मग पाय सगळ्यात लांब जातो तिथं गुडघा किती वाकलेला राहतो ते मोजलं, २५ ते ३५ अंशांत हवा. बाईंची उंची कमी, बैठक पुढून दुसऱ्या खाचेत आली. शेवटच्याच खाचेत आली असती तर मी नको म्हटलं असतं. मग दहा मिनिटं चालवायला लावलं, आणि उतरताना मदतीला कुणी पुढे यायचं नाही असं बजावलं. दोन्ही हात बैठकीच्या मुठींवर ठेवून बाई उठल्या. दुकानदार पडद्यावर कॅलरी दाखवायला लागला. घरी गेल्यावर त्यावर चिकटपट्टी लावा, म्हटलं. त्या आकड्यावर विश्वास ठेवून लोक एक बटाटेवडा जास्त खातात.

नऊ महिने

जानेवारीच्या मध्यात सायकल घरी आली. गोधडीचा प्रयोग त्याच आठवड्यात सुरू केला. लाकडी खुर्चीची बैठक ४३ सेंटिमीटर. तिच्यावर जुनी गोधडी आणि दोन चादरींच्या घड्या ठेवल्या, सरकू नयेत म्हणून परकराच्या नाडीनं बांधल्या, उंची झाली ५२. त्या उंचीवरून बाई हात न टेकता उठू शकत होत्या. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. तीन आठवड्यांनी वरची चादर काढली. मार्चमध्ये दुसरी. गोधडी निघायला जून उजाडला, कारण मध्ये उजवा गुडघा सुजला आणि दोन आठवडे चादर परत घालावी लागली. बाईंना ते नापास झाल्यासारखं वाटलं. हातांसाठी रबरी पट्टा खिडकीच्या गजात अडकवून ओढायचा, एवढंच.

सायकलीनं दोनदा त्रास दिला. पेडलावरचे पट्टे बाईंच्या पायाला पुरेनात, कारण संध्याकाळी घोटे सुजतात. अॅम्लोडिपिननं ते होतं, फिजिशियनला कळवलं. पट्टे मात्र राजवाड्याजवळच्या चप्पल शिवणाऱ्याकडून दोन-दोन इंच वाढवून आणले. एप्रिलमध्ये बैठक एकदम खटकन एक खाच मागे गेली. बाईंनी ताबडतोब फोन केला, आवाज नोव्हेंबरातलाच. घरी जाऊन बघितलं तर मिस्टर हौसेनं सायकल चालवायला बसले होते, त्यांनी बैठक मागे घेतली, परत पुढे आणताना खिट्टी अर्धीच बसली. आता खिट्टीच्या भोकापाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. ठिपका दिसला तर बसायचं नाही.

मे महिन्यात तीन आठवडे पुण्याला मुलाकडे. तिथं सायकल नाही. खुर्ची होती, पण नातवंडं होती. परत आल्यावर वेळ निम्म्यावर आणून पुन्हा चढवली.

ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा मोजलं. सायकल आठवड्यातून पाच दिवस, पंचवीस मिनिटं, भार आठपैकी चौथा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, त्यात पंचवीस मिनिटं अजून कमी पडतात आणि उरलेलं त्या शाळेच्या व्हरांड्यात चालून भरतात. त्याच व्हरांड्यात सहा मिनिटांत ३०४ मीटर, न थांबता. खुर्चीच्या चाचणीत शून्यावरून सहा. वजन ११०.२. हे जवळजवळ सहा किलो सायकलीनं उतरवले असं मी म्हणणार नाही, त्याच काळात आहारतज्ज्ञांनी त्यांचं रात्रीचं जेवण आणि शाळेतला चहा-बिस्किटांचा डबा बदलला होता. पण गुडघ्याच्या झिजेवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एक किलो उतरला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचे चार किलो कमी होतात असं दिसलं आहे. त्या हिशेबानं बाईंच्या गुडघ्यावरून दर पावलाला तेवीसेक किलो उतरले. दुखणं गेलेलं नाही. जिना उतरताना अजून आडव्या होऊन, एकेक पायरी उतरतात.

ट्रेडमिल दुरुस्त करून निम्म्याहून कमी किमतीला गेली, गल्लीतल्या पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाला. त्याचं वजन ६१. तिच्यावर तो पळतो आणि ती छान चालते म्हणे.

परवा बाईंनी विचारलं, भार पाचवर नेऊ का. पाढा कुठला म्हणता, असं मी विचारलं. सतराचा, आणि तो म्हणून झाल्यावर दम उरतो. मग न्या म्हटलं, पण पहिला आठवडा वीसच मिनिटं. पुढची तपासणी दिवाळीची सुट्टी लागली की. तोवर एकोणतिसाचा पाढा घेते, म्हणाल्या.